ताईचा डोळा आणि शाळेचा चुंबक

चिखलीच्या शाळेत मी सायन्स शिकवत होतो तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठी कचेरी म्हटली की नागपूर, मोठा दवाखाना म्हटला तरी नागपूरच. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. बाकीचे मास्तर आपापल्या गावी गेले. माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी, जळगाव जामोदला होती. मी मागे राहिलो, कारण सायन्सच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या खोलीत मला एक नाद लागला होता.

चुंबक लोखंडाला ओढतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण काही पदार्थांना तो ओढत नाही, उलट किंचित मागे लोटतो. बिस्मथ नावाच्या धातूला त्यातल्या त्यात जास्त. तांबं, काच, पाणी यांना त्याहून पुष्कळच कमी. कॉलेजात प्रोफेसरांनी हे फळ्यावर लिहून दिलं होतं आणि मी परीक्षेत उतरवून आलो होतो, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते लोटणं इतकं दुबळं असतं की जवळ उभ्या माणसाच्या श्वासापुढेही ते टिकत नाही.

म्हणून मी काचेच्या एका मोठ्या बरणीत गव्हाची काडी आडवी टांगली, रेशमाच्या एकाच तंतूवर. काडीच्या एका टोकाला कागदाचं चिमुकलं पारडं, दुसऱ्या टोकाला तोलापुरतं मेण. पारड्यात बिस्मथचा कण ठेवायचा, बरणीचं तोंड झाकायचं, काडी निवांत होईपर्यंत वाट पाहायची, आणि मग शाळेचा मोठा, घोड्याच्या नालेसारखा चुंबक बाहेरून हळूच काचेजवळ आणायचा. कितीतरी दिवस काडी नुसती भिरभिरत होती. एका सकाळी मात्र चुंबक जवळ येताच ती सावकाश मागे सरली. चुंबक काढला, ती परत आली. रिकामं पारडं टांगून पाहिलं, ते काही केल्या हललं नाही. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून मी बाहेर आलो. शाळेच्या मैदानात चिटपाखरू नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच सकाळी माझ्या दारासमोर दमणी येऊन थांबली. बैल थकून माना टाकून उभे होते. जानेफळचे माझे भाऊजी आधी उतरले आणि मग पदरानं अर्धं तोंड झाकलेली माझी ताई.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, आणि माझं शिक्षण ताईच्या घरी राहून झालं. भाऊजींनी मला कधी परकं मानलं नाही, पण ते कमी बोलणारे आणि करड्या शिस्तीचे होते. त्यांच्यापुढे माझा आवाज कधी चढला नव्हता.

"ताई, काय झालं?"

"डोयात काई गेलं, भाऊ," ती म्हणाली. "काल दुपारी. नुसतं पानी येऊन राह्यलं."

पदर बाजूला केला तेव्हा डावा डोळा लाल, अर्धवट मिटलेला दिसला. त्या बाजूच्या गालावर बारीक बारीक काळे टोचे होते.

भाऊजींनी सांगितलं ते असं. शेतातल्या विहिरीला काळा पाषाण लागला होता आणि सुरुंग लावून तो फोडण्याचं काम चाललं होतं. सुरुंगात दारू पेटवायला तांब्याची एक बारीक टोपी घालतात. तसली एक टोपी न उडता एका धोंड्यात राहून गेली होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो धोंडा वर काढला, माणूस काठावर पहारेनं फोडायला लागला, आणि त्याच वेळी ताई माणसांच्या भाकरी घेऊन तिथं पोचली. पहार टोपीवर बसली.

"फटाक्यावानी आवाज झाला," भाऊजी म्हणाले. "गड्याचा हात सोलला. अन हिच्या तोंडावर उडालं."

आम्ही तिला लगेच दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, नागपूरला शिकून आलेले, गावात येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी ताईला खिडकीपाशी खाटेवर निजवलं आणि भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. मग आम्हाला व्हरांड्यात बोलावलं.

"कण आत आहे," ते म्हणाले. "पुढचा पडदा फोडून गेला आणि बुबुळावर बसला आहे. काळा दिसतो. त्याच्या मागे गेलेला नाही असं वाटतं."

"काढा मंग," भाऊजी म्हणाले.

"कशाचा आहे ते आधी कळलं पाहिजे. पहारेचं लोखंड असेल तर चुंबकानं ओढून काढता येतं, ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं. आत हत्यार घालावं लागत नाही. नागपूरला त्यासाठी विजेवरचा मोठा चुंबक आहे. पण टोपीचं तांबं असेल तर चुंबकाचा उपयोग नाही. पडद्याच्या कडेला चीर देऊन चिमट्यानं काढावं लागेल, आणि लवकर. तांबं आत राहिलं की डोळा पिकतो. एक पिकला की कधी कधी चांगल्या डोळ्यावरही येतं."

"तुम्ही असं काढलं आहे कधी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "शिकत असताना. सर्जन शेजारी उभे होते. एकट्यानं नाही."

बुलढाण्याचे सिव्हिल सर्जन दौऱ्यावर होते, कुठल्या गावी ते नक्की कुणाला ठाऊक नव्हतं. भाऊजींनी पागोटं नीट केलं. "दुपारी खामगावची मोटार हाये. तठून आगगाडी. म्या नागपूरले नेतो."

"पोचेपर्यंत दोन दिवस जातील," डॉक्टर म्हणाले. "लोखंड असेल तर तेवढ्यानं फारसं बिघडणार नाही. तांबं असेल तर मी हमी देत नाही. इथं करायचं म्हटलं तर आजच, ऊन आहे तोवर. माझ्याकडे खिडकीच्या उजेडाशिवाय उजेड नाही." मग मला म्हणाले, "मास्तर, शाळेत चुंबक असेल ना?"

मी शाळेकडे धावतच गेलो.

चुंबक घेऊन आलो तेव्हा डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं. "एकदम जवळ आणू नका. लोखंड असेल तर कण उडी मारेल आणि बुबुळ फाडेल. मी सांगेन तसे एक एक पाऊल या."

ते भिंग धरून ताईवर वाकले. मी दोन्ही हातांनी चुंबक धरून पुढे सरकलो. ताईचा उजवा डोळा छताकडे लागलेला होता. माझ्या हाताला घाम सुटला होता आणि तो जड चुंबक निसटेल की काय असं वाटत होतं.

"थोडं पुढे. थांबा. आणखी पुढे."

"हलला?" भाऊजींनी दारातून विचारलं.

"नाही. मास्तर, आणखी या."

चुंबकाची टोकं तिच्या भुवईपाशी आली. ताईनं माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला होता. डॉक्टर खूप वेळ तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले. "काही नाही. जराही नाही."

"शायेचं चुंबक लहान हाये," भाऊजी म्हणाले. "नागपूरचं मोठं. थे ओढीन."

डॉक्टरांनाही हे अगदी खोडून काढता येईना. कण बुबुळात रुतला असेल, आमचा चुंबक कमी पडत असेल, असंही होऊ शकत होतं. मग त्यांनी ताईच्या गालातले कण काढायला घेतले. बहुतेक दगडाचे होते. एक मात्र जड निघाला, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा, काजळीनं काळा झालेला. कागदावर ठेवून चुंबक जवळ नेला, तो उडाला नाही. पण रक्तानं ओला कण कागदाला चिकटून राहिला असेल तर काय सांगावं.

तेव्हा मी त्यांना बरणीबद्दल सांगितलं. लोखंड असेल तर पारडं चुंबकाकडे येईल, तांबं असेल तर किंचित दूर सरेल. डॉक्टर म्हणाले, "इकडे घेऊन या. मलाही पाहू द्या आणि यांनाही."

बाहेर वैशाखाचा गरम वारा सुटला होता. बरणी छातीशी धरून, तिच्यावर उपरणं टाकून मी रस्ता ओलांडला. दवाखान्याचं दार वाऱ्यानं धाडकन आपटलं, मी दचकलो, आणि आत टेबलावर बरणी ठेवून पाहतो तो काडी तळाशी पडलेली. तंतू तुटला होता. शाळेत दुसरा नव्हता. मी काडी बरणीतून बाहेर काढली.

"काय झालं?" खाटेवरून ताईनं विचारलं.

"रेशीम तुटलं."

तिनं पडल्या पडल्या लुगड्याचा काठ चाचपला आणि माझ्यापुढे केला. "याच्यातलं घे. रेशीमकाठी हाये."

काठातला एक धागा ओढला, त्याचा पीळ उलगडत उलगडत शेवटी एक तंतू सुटा केला. दोनदा तो माझ्या बोटांतून हरवला. कंपाउंडरानं खिडक्या लावल्या. मी पारड्यात गालातून काढलेला कण ठेवला आणि बरणी झाकली. काडी गोल गोल फिरू लागली. ती थांबायची आम्ही वाट पाहत होतो. स्टँडवर खामगावची मोटार येऊन लागल्याचा आवाज आला. भाऊजींनी एकदा दाराकडे, एकदा बरणीकडे पाहिलं.

काडी निवांत झाली. मी चुंबक काचेला लावला.

पारडं चुंबकाकडे सरकलं.

अगदी थोडं, पण सगळ्यांनी पाहिलं.

"ओढलं," भाऊजी म्हणाले. "म्या म्हनलं नाई का? चाला, मोटार भेटते अजून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे लोखंड आहे."

मी चुंबक काढून पुन्हा काचेला लावला. मग ध्यानात आलं की हे सरकणं मी पाहिलेल्या कुठल्याच सरकण्यासारखं नव्हतं. लोखंडाचा एवढा कण असता तर काडी गर्रकन फिरून काचेवर आपटली असती. हा नको नको म्हणत आल्यासारखा आला होता. कण आतून लोखंडाचा नसेल, पण टोपीवर पहार बसली तेव्हा पहारेची धूळ त्याला माखली असेल तर असंच होणार. लोखंडाची पूड डोळ्याला दिसेल एवढीही लागत नाही. ते दुबळं लोटणं बुडवायला तिचा अंश पुरतो.

"डॉक्टर, मिठाचं तेजाब आहे का दवाखान्यात? पातळ करून द्या. लोखंडाची धूळ त्यात विरघळेल, तांबं तसंच राहील. कण धुऊन पाहू."

"मास्तर," भाऊजी म्हणाले, "मोटार निंगून जाईन."

"जाऊ द्या," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"तुम्ही म्हणता ते चुकलं तर?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"चुकलं तर मीच त्यांच्याबरोबर नागपूरला जाईन. मिळेल ती गाडी पाहू."

बशीत तेजाब घेऊन कण त्यात सोडला. काळा थर सुटायला वेळ लागला. मग पाण्यात धुतला, टिपकागदावर सुकवला, आणि पुन्हा लोखंड लागू नये म्हणून या खेपेला पोलादाच्या चिमट्यानं न उचलता काडेपेटीच्या काडीला मेण लावून उचलला. खिडकीची फट करून डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरला.

"लाल आहे," ते म्हणाले. "तांबं."

"असन तांबं," भाऊजी म्हणाले. "पन सरकलं ना मघाशी चुंबकाकडं? एवढ्याशा चुंबकानं सरकलं, तं मोठ्यानं येईनच."

त्यांचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. डोळ्यात हत्यार घालायचं त्यांना भय वाटत होतं, आणि चुंबक म्हणजे हत्यार नाही, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. मलाही तेच भय होतं.

"पुन्हा पाहू," मी म्हणालो.

"मलेई दिसू द्या," ताई म्हणाली. डॉक्टर नको म्हणत होते, पण कंपाउंडरानं आणि त्यांनी मिळून खाट तशीच उचलून वळवली आणि तिनं मान न हलवता उजव्या डोळ्यानं बरणीकडे पाहिलं.

काडी या वेळी थांबता थांबेना. खिडक्या बंद, खोली भट्टीसारखी तापलेली. माझा श्वास लागू नये म्हणून मी तोंडाला उपरणं बांधलं होतं. बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. भाऊजींच्या कपाळावर शीर उभी राहिली होती, पण ते जागचे हलले नाहीत.

शेवटी काडी स्थिर झाली. मी चुंबक आणला, इतका सावकाश की माझा खांदा दुखायला लागला. टोक काचेला टेकलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पारडं चुंबकापासून दूर सरू लागलं. बिस्मथ सरला होता त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं, नखभर, पण दूर. चुंबक काढला, पारडं झुलत झुलत परत आलं. पुन्हा आणला, पुन्हा मागे गेलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी चुंबक आपल्या हातात घेतला आणि स्वतः करून पाहिलं.

कुणी काही बोलायच्या आधी ताई बोलली.

"भाऊ, नागपूरचं चुंबक याच्याहून मोठं हाये ना?"

"हाव. लय मोठं."

"मंग थे याले अजून दूर लोटन."

"हाव."

"आत ढकलन?"

"आत ढकलाय एवढा जोर नाई त्याच्यात, ताई. पन ओढणार नाई. कितीबी मोठं असलं तरी नाई."

तिनं गालावरचं पाणी पदरानं टिपलं. मग म्हणाली, "तं मंग अथीच करा. डोया माहा हाये."

भाऊजी तिच्याजवळ गेले. "हे गालातलं झालं. डोयातलं तेच कायवरून?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खरं तेच सांगितलं. "नक्की नाई सांगता येत. लोखंड असतं तर मघाशी डोयात हललं असतं. मले एवढंच माहीत हाये."

बाहेर मोटार सुरू झाली, आवाज वाढला आणि खामगावच्या रस्त्याला दूर दूर जात नाहीसा झाला. भाऊजींनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग डॉक्टरांना म्हणाले, "करा."

डॉक्टरांनी हत्यारं उकळायला ठेवली. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब घातले. मला म्हणाले, "तो चुंबक खोलीबाहेर न्या. माझी हत्यारं पोलादाची आहेत." भाऊजींनी चुंबक उचलला आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आत त्यांना पाहवलं नसतं. माझ्या हातात एक आरसा होता. पुन्हा उघडलेल्या खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन ते डोळ्यावर पाडायचं आणि हात हलू द्यायचा नाही, एवढं माझं काम. कंपाउंडरानं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं.

पापण्या ताणून धरल्यावर डॉक्टरांनी पातं उचललं. ते पुन्हा खाली ठेवलं, डोळे मिटून एकदा श्वास घेतला आणि परत उचललं. पडद्याच्या कडेला चीर बसली. डोळ्यातलं पाणी भळकन गालावर आलं. ताईच्या घशातून बारीक आवाज निघाला.

"हलू नका. हलू नका, बाई."

"नाई हलत," ती दातांतून म्हणाली.

चिमटा आत गेला. कण धरला आणि निसटला. माझा आरसा हलला असावा, कारण डॉक्टर म्हणाले, "उजेड," फक्त एवढंच, आणि मी कोपर भिंतीला टेकवून धरलं. खिडकीतलं ऊन उतरत चाललं होतं, मला आरसा हळूहळू तिरपा करावा लागत होता. दुसऱ्या खेपेला चिमटा आत गेला तेव्हा बुबुळाची कड त्याच्याबरोबर वर आली. डॉक्टर थांबले. त्यांनी ती कड बारीक सळईनं सोडवली, आत लोटली, आणि चिमटा बाहेर काढला. त्याच्या टोकावर काळा ठिपका होता. त्यांनी तो कापसावर टेकवून नखानं खरवडला. आतून लाल निघाला.

पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टर बाहेर पायरीवर बसले. कंपाउंडरानं पाणी आणून दिलं, ते त्यांनी डोक्यावरच ओतून घेतलं.

त्यानंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. ताई माझ्या घरी दोन्ही डोळे बांधून उताणी पडून होती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत, पट्टी उचलून बघत आणि औषध घालून जात. पू होतो की काय हीच भीती होती. तिसऱ्या दिवशी डोळा अधिक लाल झाला आणि ताप आला, तेव्हा मला वाटलं आपण सगळं हातानं घालवलं. भाऊजी शेती टाकून थांबले होते. आम्ही दोघं एका घरात राहत होतो, पण कामापुरतंच बोलत होतो. ते तिला घास भरवत, पायाला तेल लावत, आणि ती झोपली की ओट्यावर जाऊन बसत.

ताप उतरला. लाली उतरायला लागली. एका सकाळी डॉक्टरांनी डाव्या डोळ्याची पट्टी सोडली, खोलीत मंद उजेड ठेवून तिच्यासमोर बोटं धरली.

"काय दिसतं?"

"हात दिसते," ताई म्हणाली. "बोटं किती थे नाई समजत."

"समजेल," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

डोळा वाचला, पण पहिल्यासारखा झाला नाही. बाहुली गोल राहिली नाही, एका बाजूला ओघळल्यासारखी दिसे. उन्हात तिला त्या डोळ्यावर हात धरावा लागे, आणि सुईत दोरा त्या डोळ्यानं तिला पुढे कधी ओवता आला नाही. माणूस मात्र लांबून ओळखू येई. उजवा डोळा शेवटपर्यंत चांगला राहिला.

जायच्या दिवशी दमणीला बैल जुंपून झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ आले. ताई आत बसली होती, डोळ्यावर हिरवं फडकं बांधून.

"मास्तर," ते म्हणाले, "म्या तुमचं नसतं ऐकलं. थिनं ऐकलं."

"मले माहीत हाये, भाऊजी."

"म्या नेलंच असतं नागपूरले."

मी ताईचं गाठोडं दमणीत ठेवलं. त्यांनी कासरा हातात घेतला, बैलांना हाक दिली आणि दमणी जानेफळच्या रस्त्याला लागली.